भर मे महिन्यात भिंतीला ओल: पाणी कुठलं ते आधी शोधूया

रेल्वेकॉलनी (भुसावळ)
नमस्कार मंडळी. आमचं घर तळमजला अधिक एक. वर दोन बेडरूम आणि एक बाथरूम, खाली हॉल आणि स्वयंपाकघर. बांधकाम २०११ चं. हॉलच्या भिंतीवर स्विचबोर्डाखाली हातभर रुंद ओल दिसते आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेत, बोट लावलं की प्लास्टर भुसभुशीत लागतं. मार्चमध्ये फक्त डाग होता, आता तो फरशीपर्यंत उतरलाय. बाहेर ४५ अंश ऊन आहे, अंगणातला ओला कपडा अर्ध्या तासात वाळतो, आणि ही भिंत काही वाळत नाही.
एका कंत्राटदाराला बोलावलं होतं. त्याने भिंतीकडे पाहिलं, गच्चीवर गेला आणि "गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, केमिकल कोटिंग करावं लागेल, साठ हजार" असं सांगून निघाला. सासूबाई म्हणतात, पावसाळ्याआधी करून टाका. मला पटत नाहीये, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

निंबाचा पार (अमळनेर)
ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. शेवटचा पाऊस होऊन किती महिने झाले? गच्चीतून झिरपणारी ओल पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात मरते. तुमची मार्चनंतर वाढतेय. आमच्याकडे म्हणतात तसं, पानी कोठेन ई ऱ्हायनं ते पहिले देखा. कोटिंगवाल्याला पैसे नंतर.

सिव्हिलवाला (जळगाव)
ताई, सगळ्यात आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. त्या स्विचबोर्डाची वीज तोडणारा एमसीबी खाली पाडून ठेवा आणि बोर्डाला ओल्या हाताने किंवा अनवाणी कोणी हात लावू नका. लहान मुलं असतील तर त्यांना भिंतीपासून लांब ठेवा. बोर्डाखाली ओल म्हणजे पाणी वायरिंगच्या कंड्युट पाइपातून उतरत असण्याची दाट शक्यता. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला आहे का? असेल तर तो अधूनमधून पडतो का?

रेल्वेकॉलनी (भुसावळ)
बोर्ड बंद केला. आरसीसीबी आहे, आणि हो, गेल्या महिन्यात कारण नसताना पडायचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आरसीसीबी खराब झालाय, बदलून टाका. बदललेला नाही अजून.

सिव्हिलवाला (जळगाव)
बदलू नका, तो त्याचं काम चोख करतोय. आरसीसीबी विनाकारण पडायला लागला की पहिला संशय ओलीवर घ्यायचा, यंत्रावर नाही. आणि तो काढून थेट जोडणी करून देतो म्हणणाऱ्या माणसाला घरात परत येऊ देऊ नका.
आता मूळ प्रश्न. घरात ओल आणणारं पाणी चार ठिकाणचं असतं: पावसाचं, नळाच्या पाइपातलं, सांडपाण्याचं आणि जमिनीतून वर चढणारं. प्रत्येकाची वेळ वेगळी. पावसाचं पाणी पावसाबरोबर येतं-जातं. सांडपाण्याची गळती वापरावर अवलंबून असते, घरचे चार दिवस गावाला गेले की ओल कमी होते. जमिनीतलं पाणी खालून वर येतं, बहुतेक वेळा तीन फुटांच्या आसपास थांबतं आणि वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, सोडतं. पुरवठ्याच्या पाइपातलं पाणी मात्र दिवसरात्र, बारा महिने चालू, कारण टाकी भरलेली असेपर्यंत पाइपात दाब असतोच. तुमची ओल वरून खाली आली आणि सतत वाढतेय. मला पाइप वाटतोय. पण वाटण्यावर फरशी फोडायची नसते. भिंतीच्या बरोबर वर काय आहे?

रेल्वेकॉलनी (भुसावळ)
वर बाथरूमची भिंत येते. गिझर त्याच भिंतीवर आहे. पण गिझर मार्चपासून बंद आहे.

तापीकाठ (रावेर)
मधेच बोलतो. त्या हॉलला खिडकी आहे का आणि खिडकीत कूलर आहे का? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भिंतीला ओल दिसली की मी आधी कूलर बघतो. टाकीला बारीक फट असते, किंवा फ्लोट नीट बसत नाही आणि पाणी ओसंडून खिडकीच्या तळावर साचतं. तिथून विटेत शिरतं. शिवाय गवताच्या जाळीतून उडणारे तुषार बाहेरच्या भिंतीवर सतत पडत असतात. आमच्या गल्लीत एका घरी पूर्ण भिंत फोडायची तयारी झाली होती, कूलर चार दिवस बंद ठेवला आणि ओल थांबली.

रेल्वेकॉलनी (भुसावळ)
कूलर आहे, पण समोरच्या भिंतीला. या भिंतीला खिडकीच नाही.

सिव्हिलवाला (जळगाव)
मग कूलर सुटला. चांगला मुद्दा होता, धाग्यावर राहू द्या, कोणाला तरी उपयोगी पडेल.
ताई, गिझर बंद आहे म्हणजे गरम पाण्याची लाइन रिकामी असं समजू नका. गिझरचं बटण बंद असलं तरी त्यातून पाणी जातच असतं, पुढची लाइन टाकीच्या दाबाखाली भरलेली असते. फक्त ते पाणी गार असतं.
आता टाकीची चाचणी करा. ज्यांच्याकडे मीटर आहे ते सगळे नळ बंद करून मीटरचा काटा हलतो का ते बघतात. आपल्या गावांमध्ये दोन-तीन दिवसाआड पाणी येतं, मीटर बऱ्याच ठिकाणी नाहीत, म्हणून गच्चीवरची टाकी हाच आपला मीटर. रात्री सगळे झोपले की टाकीत पट्टी सोडून पातळीची खूण करा. पंप बंद, वरून पाणी येणारा कॉक बंद. पहिल्या रात्री टाकीचा खालचा मुख्य वॉल्व्ह पूर्ण बंद ठेवा. सकाळी पातळी बघा. दुसऱ्या रात्री तो वॉल्व्ह उघडा ठेवा, पण घरात एकही नळ, फ्लश कोणी वापरायचा नाही. सकाळी पुन्हा बघा. दोन्ही रात्री पातळी उतरली तर टाकी किंवा वॉल्व्ह गळतोय. फक्त दुसऱ्या रात्री उतरली तर गळती घरातल्या पाइपात किंवा फ्लशच्या टाकीत.
हजार लिटरच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण ९ लिटर पाणी गेलं. झाकण घट्ट ठेवा, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने हिशेब चुकतो.
त्याच वेळी फ्लशची चाचणी: फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग किंवा नीळ घाला, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. कित्येक वेळा भिंतीतली म्हणून शोधलेली गळती इथेच निघते.

तिसरा मजला (जळगाव)
विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. फ्लॅट आहे. माझ्या बाथरूमच्या छतातून वरच्या घरचं पाणी टपकतं. स्लॅबचं प्लास्टर पडून सळई उघडी पडलीय, गंजून फुगलीय. वरचे गृहस्थ म्हणतात, माझ्या घरात सगळं कोरडं आहे, तुम्ही बघा तुमचं. आम्ही खालून वॉटरप्रूफ सिमेंट लावून घेतलं, सहा महिन्यांत पुन्हा तेच.

सिव्हिलवाला (जळगाव)
खालून लावलेलं काहीही टिकणार नाही. पाणी वरून दाबत असताना खालून झाकण लावलं की ते स्लॅबमध्येच कोंडतं आणि सळई आणखी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीटचं कव्हर ढकलून पाडतो. दुरुस्ती वरच्याच घरात व्हायला हवी, सळईची दुरुस्ती त्यानंतर.
त्यांचं घर कोरडं असणं अगदी शक्य आहे, ते खोटं बोलत नसतील. बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब फूटभर खोल ठेवून त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. सगळं पाणी त्या भरावात साचतं. वर टाइल कोरडी, खाली तळं. त्यांना विनंती करा की एक-दोन दिवस नहाणी ट्रॅपचं (फरशीतलं पाणी जायच्या जाळीचं) तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून फरशीवर दोन इंच निळीचं पाणी भरून ठेवू. २४ ते ४८ तासांत तुमच्याकडे निळी छटा उतरली तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड गेली. उतरली नाही तर बोळा काढून ते पाणी एकदम सोडा आणि मग बघा, त्यातून सांडपाण्याचा पाइप कळेल. दोघांनी मिळून बघितलं की भांडण अर्धं मिटतं.

निंबाचा पार (अमळनेर)
खर्च कोणाचा हेही सांगा, कारण गाडं तिथेच अडतं.

सिव्हिलवाला (जळगाव)
नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घराच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची ज्याची त्याने. पण जळगावात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र केलेल्या आहेत. तिथे त्या घोषणापत्रासोबतचे नियम लागू. तुमचं कोणतं ते कागद काढून बघा आणि मगच पत्र लिहा. पत्र लिहा मात्र नक्की, तोंडी बोलण्याला पुढे किंमत राहत नाही.

चोपडेकर
आमचा प्रश्न या सगळ्यांपेक्षा जुना आहे. गावठाणातलं वडिलोपार्जित घर, मातीच्या जोडणीत भाजक्या विटा, मागचा भाग अजून धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा. पुढच्या खोल्यांना जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लोणा लागायचा म्हणून सिमेंटचं प्लास्टर करून चार फूट टाइल लावल्या. आता टाइलच्या वर, पाच फुटांवर ओल आलीय. धाब्याचा भाग मात्र त्यामानाने बरा आहे, हे कसं?

शहादेकर
धाब्याचं मला माहीत आहे ते सांगतो. आमच्या आजोबांच्या काळापासून दरवर्षी मिरगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकून चोपायची पद्धत. गावातली जुनी माणसं ती माती जिभेवर ठेवून पारखायची. मातीतल्या सोडियम क्षारांमुळे तिचे बारीक कण पाण्यात सुटे होतात आणि छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी आत न मुरता पन्हाळीकडे वाहून जातं. शेतात हीच माती आली तर पिकाला मारते, धाब्यावर मात्र घर राखते. पण ती दरवर्षी टाकावी लागते, आणि पन्हाळी साफ हव्यात. एक वर्ष चुकवलं की लाकडी कड्यांना ओल लागते आणि मागोमाग वाळवी.

सिव्हिलवाला (जळगाव)
वा, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.
चोपडेकर, तुमच्या भिंतीचं असं: दिव्याची वात तेल ओढते तशी वीट जमिनीतून पाणी ओढते. जुन्या घरात जोत्याला ओल अडवणारा थर नसतो. पूर्वी हे पाणी चुन्या-मातीच्या गिलाव्यातून वाऱ्यावर उडून जायचं, म्हणून ओल तीन फुटांवर थांबत होती. तुम्ही सिमेंट आणि टाइल लावून उडायची वाट बंद केली. पाणी जिथे वाट मिळेल तिथवर चढलं. धाब्याच्या भागात अजून मातीचा गिलावा असेल, म्हणून तो बरा.
एक विचारतो, दारासमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला का? आणि किती वेळा?

चोपडेकर
दोन वेळा. आधी ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एक उरलीय. गटारही भिंतीला लागून आहे.

सिव्हिलवाला (जळगाव)
मग मूळ तिथे आहे. रस्ता वर आला, जोतं जमिनीत गेलं. घरातल्या फरशीपेक्षा बाहेरची पातळी वर असेल तर आतून काहीही लावा, उपयोग नाही. भिंतीलगत जेवढं शक्य तेवढं खोदून पातळी खाली न्या, पाणी भिंतीपासून लांब जाईल असा ढाळ द्या, गटाराची भिंतीकडची बाजू फुटलेली आहे का ते तपासा. नगरपालिकेला गटाराबद्दल लेखी अर्ज द्या. आतल्या टाइल आणि सिमेंट ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून भांड्यात गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत विटेत जातात. मग चुन्याचा गिलावा. तो क्षार स्वतःत घेतो, काही वर्षांनी झडतो, पुन्हा करायचा. वीट वाचते.
जोत्यात भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय सिमेंटच्या जोडणीत चांगला चालतो. मातीच्या जोडणीत ते सारखं पसरत नाही, मी तुम्हाला तो सुचवणार नाही.

शहादेकर
काळ्या मातीवर घर असलेल्यांसाठी थोडं. आमच्याकडे तापीखोऱ्यातली भारी काळी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगून जोतं उचलते. त्यात सगळ्यात आधी तुटतो तो भिंतीतून आत येणारा नळाचा पाइप, कारण तो भिंतीत घट्ट चिणलेला असतो. पाइप भिंतीतून घेताना त्यापेक्षा मोठ्या पाइपाचा तुकडा बाहेरून घाला म्हणजे हलायला जागा राहते. आणि तिथे गळती सुरू झाली की दुष्टचक्र होतं: पाण्याने माती फुगते, मातीने पाइप आणखी तुटतो. घराभोवती तीन फुटांचा फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन करा. भिंतीलगत झाडांचे आळे नकोत.
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा मे महिन्यात बुजवायची घाई करू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण आणि तारीख लिहा. पावसाळ्यात भेग मिटली तर ती मातीची हालचाल, गळती नव्हे.

रेल्वेकॉलनी (भुसावळ)
चाचणी झाली! वॉल्व्ह बंद ठेवला त्या रात्री पातळी जागच्या जागी. उघडा ठेवला त्या रात्री तीन सेंटिमीटर उतरली. फ्लशच्या टाकीत नीळ घातली, भांडं स्वच्छ. म्हणजे पाइप ना?

सिव्हिलवाला (जळगाव)
रात्रीत २७ लिटरच्या आसपास. हो, पाइप. आता वरच्या बाथरूमला स्वतंत्र वॉल्व्ह असेल तर तो बंद करून पुन्हा एक रात्र बघा. पातळी थांबली तर गळती त्याच बाथरूममध्ये. मग प्लंबरकडे दाबचाचणीचा हातपंप आहे का विचारा. नसेल तर ज्याच्याकडे आहे तो बोलवा, इथे तडजोड नको. गच्चीवरच्या टाकीचा वरच्या मजल्यावर दाब फार कमी असतो. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो, म्हणजे तुमच्याकडे अर्धा किलोसुद्धा नसेल. एवढ्या दाबावर बारीक भोक आवाज करत नाही, भिंतीला कान लावून कळत नाही. पंपाने पाच-सहा किलो दाब दिला की पंपावरचा काटा गळती लपवू शकत नाही. गरम आणि गार लाइन वेगवेगळी तपासायला सांगा, गिझर काढून.

तापीकाठ (रावेर)
थर्मल कॅमेरावाले असतात ना? आणि ते भिंतीला लावायचं मीटर?

सिव्हिलवाला (जळगाव)
कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सगळीच भिंत तापलेली, काही कळत नाही. पहाटे घ्या, किंवा संशय गरम लाइनवर असेल तर गिझर चालू करून घ्या, मग गळतीची जागा उबदार दिसते. पिनवालं ओलावा मीटर लोणा लागलेल्या भिंतीवर फसतं, क्षारांमुळे भिंत कोरडी असली तरी आकडा वर दाखवतं. चोपडेकरांच्या भिंतीवर ते अजिबात वापरू नये.
आणि ऑगस्टमध्ये ज्यांना ओल दिसेल त्यांच्यासाठी: भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ. मे महिन्यात याची गरज नाही, आपली हवाच एवढी कोरडी.

रेल्वेकॉलनी (भुसावळ)
सापडलं. बाथरूमचा वॉल्व्ह बंद केला तेव्हा टाकीची पातळी हलली नाही. मग पंपवाला प्लंबर आला. गार लाइनचा काटा स्थिर, गरम लाइनचा काटा आमच्या डोळ्यांसमोर उतरत गेला. त्याने आधी भिंतीवर काय काय ठोकलंय ते बघितलं. टॉवेलचा दांडा गिझरच्या पाइपाच्या बरोबर खाली. दांडा काढला तर मधला स्क्रू गंजून अर्धा झालेला, आणि भोकातून पाण्याची बारीक रेघ आली. एकच टाइल काढली. सीपीव्हीसी पाइपाच्या कडेला स्क्रूचं भोक. प्लंबर म्हणाला, स्क्रूनेच इतकी वर्षं भोक बंद ठेवलं होतं, तो गंजला तेव्हा पाणी सुटलं. शेजारूनच वायरिंगचा पाइप खाली हॉलच्या बोर्डात जातो, पाणी त्यातून उतरत होतं. गच्चीला हातही लावावा लागला नाही.
तुकडा बदलला, पुन्हा दाब दिला, काटा अर्धा तास जागेवर राहिला तेव्हाच टाइल बसवू दिली. आता रंग कधी देऊ? सासूबाई म्हणतात, पाहुणे येणार आहेत, पुट्टी मारून घेऊ.

निंबाचा पार (अमळनेर)
ताई, फार बरं वाटलं वाचून. साठ हजार वाचले, त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोर्डात पाणी होतं ते कळलं.

सिव्हिलवाला (जळगाव)
पुट्टी आत्ता अजिबात नको. आतली ओल कोंडली की तीच पुट्टी पोपडे होऊन पडेल आणि गळती परत सुरू झाली असं वाटेल. सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढा, पंखा लावून ठेवा. भिंत साधारणपणे महिन्याला इंचभर वाळते, तुमची नऊ इंची आहे. दोन्ही बाजूंनी वारा आणि आपलं ऊन मिळालं तर लवकर होईल, पण पावसाळ्याच्या आत पूर्ण वाळेल असं धरू नका. दिवाळीला रंग द्या. पाहुण्यांना उघडी वीट दिसली तरी चालेल.
कंड्युटमधल्या वायरी ओढून बदला. बोर्ड जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मेगर नावाच्या मीटरने वायरींचं इन्सुलेशन तपासून घ्या. तोपर्यंत एमसीबी खालीच.

तिसरा मजला (जळगाव)
वरच्यांना हा धागा दाखवला. रविवारी निळीची चाचणी करायला तयार झालेत.

रेल्वेकॉलनी (भुसावळ)
सासूबाईंना उघडी वीट पटली, दिवाळीपर्यंत थांबतो आहोत. टाइल बसवायच्या आधी त्या भिंतीचा फोटो काढून घेतला, शेजारी टेप धरून, म्हणजे पाइप फरशीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते दिसतं. फोटो फ्यूजबॉक्सच्या दाराच्या आत चिकटवलाय. टॉवेलचा दांडा आता दाराच्या मागे.